जुनी गाडी आणि जुना अंधार

ठाणें, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यांत गेल्या कांहीं वर्षांत एका नव्या पंथाचा उदय झाला आहे. त्यास पंथ म्हणण्याचें कारण असें कीं, त्याला दैवत आहे, सोंवळें आहे आणि बहिष्कारही आहे. दैवत म्हणजे जुनी मोटारसायकल. कोणाकडे वडिलांची जावा असते, कोणाकडे मामाची यझदी किंवा राजदूत असते, कोणी मद्रासच्या कारखान्यांतील आरंभीच्या काळची बुलेट शोधून आणतो, आणि एखाद्या भाग्यवंताच्या अंगणांत आजोबांनीं युद्धानंतरच्या लष्करी लिलांवांत घेतलेली बी. एस. ए. अजून उभी असते. सोंवळें म्हणजे 'ओरिजिनल' हा शब्द. गाडी कारखान्यांतून जशी आली तशीच ती राहिली पाहिजे. तिचा रंग, तिचा भोंगा, तिची सीट, आणि ज्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों तो तिचा दिवा. ज्यानें ६ व्होल्टांचा मूळ दिवा काढून १२ व्होल्टांचा बसविला, तो बाटला. मेळाव्यांत त्याच्या गाडीस मागची जागा, आणि त्याच्या पाठीमागें 'चांगली गाडी बिघडवली' हा शेरा.

या पंथाविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं, उलट कौतुकच आहे. वस्तु जपण्याची संवय आपल्या समाजांत फारशी नाहीं. जुने वाडे आपण पाडले, जुनीं पुस्तकें रद्दीवाल्याच्या तराजूंत घातलीं, आजीचीं तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत दिलीं. मैसूरची आयडियल जावा कंपनी १९९६ सालीं बंद पडली. त्यानंतर तिच्या गाड्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारांत हुडकीत हिंडणारे आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरांत, गॅलरींत वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडून बसणारे जे हौशी लोक आहेत, त्यांनींच त्या गाड्या जिवंत ठेवल्या. त्यांच्या या श्रमांस आम्ही खरी विद्या समजतों. परंतु वस्तु जपणें निराळें आणि वस्तूचा दोष जपणें निराळें. घरांत काचेच्या कपाटांत ठेवलेल्या मूर्तीचा हात तुटका असला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. रात्रीं नऊ वाजतां कल्याण-शीळ रस्त्यावर जी वस्तु ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाते तिच्या तुटक्या अवयवाचा हिशोब मात्र समोरून आणि मागून येणाऱ्या प्रत्येकास द्यावा लागतो.

हा दोष काय आहे तें प्रथम नीट समजून घेऊं. कारण पंथाचे बरेच अनुयायी त्याला दोष न म्हणतां 'गोडवा' म्हणतात. पिंवळसर, मिणमिणता, इंजिनाच्या धडधडीबरोबर लहानमोठा होणारा तो प्रकाश पाहून त्यांस देवघरांतील समईची आठवण येते असें आम्हीं ऐकलें आहे. ३५ वॅटांचा दिवा ६ व्होल्टांवर लावला म्हणजे त्यास सुमारें ६ अँपियर प्रवाह लागतो. तोच दिवा १२ व्होल्टांवर लावला तर ३ अँपियर पुरतात. आतां बॅटरीपासून दिव्यापर्यंत जी तार जाते ती जुनी, तिचे सांधे गंजलेले, हँडलावरील बटणाचे संपर्क झिजलेले. या सर्वांचा मिळून विरोध एक दशांश ओहम इतकाच धरला तरी ६ अँपियर नेतांना ०.६ व्होल्ट वाटेंत खर्च होतो, म्हणजे मूळ ठेवीचा दहावा हिस्सा. १२ व्होल्टांच्या गाडींत तोच विरोध केवळ ०.३ व्होल्ट खातो, म्हणजे चाळिसावा हिस्सा. आणि तारेच्या दिव्याचा स्वभाव असा कीं व्होल्ट एक दशांशानें घटले तर प्रकाश एक दशांशानें घटत नाहीं, जवळजवळ तीन दशांशानें घटतो. चाळीस-पन्नास वर्षें पावसांत उभ्या राहिलेल्या गाडीचे सांधे एक दशांश ओहमावर समाधान मानतात असेंही नाहीं. तेव्हां ज्यास गोडवा म्हणतात तो बहुतेक वेळां कारखान्यानें दिलेला गुण नसून गंजानें दिलेला असतो. मूळ गाडी कारखान्यांतून निघाली तेव्हां तिचा दिवा याहून बराच उजळ होता. म्हणजे 'ओरिजिनल'चा आग्रह धरणारे गृहस्थ ज्या अंधाराची राखण करीत आहेत तो ओरिजिनलही नाहीं!

यावर कोणी म्हणेल, तर मग तारा बदला, सांधे घासा, आणि ६ व्होल्टच ठेवा. हें म्हणणें अर्धें बरोबर आहे, व ज्यांस तेवढेंच करावयाचें असेल त्यांनीं तेवढें तरी करावें. परंतु मोटारसायकलीच्या विजेचा जमाखर्च गृहिणीच्या जमाखर्चासारखाच असतो. मिळकत ठरलेली, आणि खर्च टाळतां न येणारे. त्या काळच्या इंग्रजी मोटारसायकलींवरील ल्यूकसचा मोठा डायनमो म्हणजे सुमारें ६० वॅटांची मिळकत. त्यांतून ३५ वॅट पुढच्या दिव्यास, ५ मागच्यास, आणि ठिणगी कॉइलीवर असेल तर पंधरावीस तिला. भोंगा वाजविला कीं उधारी सुरू. हेंही गाडी धांवत असतांनाचें गणित. तीन हात नाक्याच्या सिग्नलास गाडी उभी राहिली, किंवा घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या गर्दींत ती पावलापावलानें सरकूं लागली, कीं डायनमोची मिळकत थांबते आणि सगळा संसार बॅटरीच्या शिलकेवर चालतो. घरीं पोंचेपर्यंत शिल्लक संपली कीं दिवा गेला, आणि कॉइलीची गाडी असली तर ठिणगीही गेली. ल्यूकस कंपनीस इंग्लंडांतील तिच्या गिऱ्हाइकांनींच थट्टेनें 'अंधाराचा राजपुत्र' ही पदवी दिली होती. आमच्या मंडळींनीं त्या राजपुत्राचें मांडलिकत्व इतक्या निष्ठेनें पत्करावें याचें नवल वाटतें.

नौपाड्यांतील एका सद्गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें कीं मंद दिव्यामुळें ते गाडी सावकाश चालवितात, म्हणून मंद दिवा हाच सुरक्षित दिवा होय. युक्तिवाद चतुर आहे, आणि स्वतःपुरता खराही असेल. परंतु भिवंडीच्या गोदामांतून माल भरून मुंब्रा बाह्यवळणावर येणारा ट्रक त्यांच्या मागून येत असतो, आणि त्याच्या चालकास हें शिक्षण मिळालेलें नसतें. त्यास दिसतो तो फक्त मागचा दिवा. आणि जुन्या गाडीचा मागचा दिवा म्हणजे धुळीनें काळवंडलेल्या कांचेमागें ६ व्होल्टांवर धुगधुगणारी एक विडी. पुढच्या दिव्याविषयीं तासन् तास वाद घालणारे भाविक मागच्या दिव्याविषयीं अवाक्षर काढीत नाहींत. पुढचा दिवा छायाचित्रांत येतो, मागचा येत नाहीं, याखेरीज दुसरें कारण आम्हांस सांपडलें नाहीं.

आतां 'मूळ स्वरूप' या शब्दाकडे वळूं. मोटारसायकलीच्या इतिहासांत मूळ स्वरूप म्हणून एक पवित्र क्षण कोठें आहे तें कोणीं दाखवावें. आरंभीच्या गाड्यांवर कार्बाइडचे दिवे होते; कार्बाइडवर पाण्याचा थेंब पडे, वायु निघे, आणि तो काडीनें पेटवावा लागे. विजेचे दिवे आले तेव्हां त्या काळच्या मालकांनीं कार्बाइडचे दिवे काढून फेंकले आणि विजेचे बसविले. आज जे विजेचे जुने दिवे आपण पुजतों त्यांपैकीं कित्येक अशा 'बाटलेल्या' गाड्यांवरचे आहेत. लष्करी लिलांवांतील गाड्यांचें उदाहरण तर आणखी मौजेचें आहे. दुसऱ्या महायुद्धांतील बी. एस. ए. एम-२० या गाडीच्या दिव्यावर विमानहल्ल्याच्या भीतीनें झांकण असे, आणि प्रकाश एका फटींतून जेमतेम बाहेर पडे. मूळ स्वरूपाचे खरे उपासक असतील त्यांनीं तें झांकणही चढवून कल्याणच्या पत्री पुलावरून जावें. तें कोणी करीत नाहीं, कारण युद्ध संपलें आहे हें सर्वांस समजतें. रस्त्यावर ताशीं ३० किलोमीटरची तुरळक रहदारी असण्याचा काळही संपला आहे, एवढेंच समजावयाचें राहिलें आहे. खुद्द एन्फील्डच्या कारखान्यानें त्याच बुलेटवर पुढें ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्ट घेतले. कारखानदार स्वतःच्या गाडीचा दोष काढतो, आणि भक्त तो परत आणतात!

याहून मोठें उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडलें आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी सुटली, ती १५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर. पुढें हीच वीज ठाण्यावरून कल्याणपर्यंत आली. ठाकुर्लीचें चोळा वीजगृह रेल्वेच्या याच कामासाठीं होतें, आणि त्याच्या चिमण्या जुन्या डोंबिवलीकरांस अजून आठवत असतील. नव्वद वर्षांनीं, २०१५ सालीं, मध्य रेल्वेनें आपल्या मुख्य उपनगरी मार्गावरील १५०० व्होल्ट काढून २५००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह घेण्याचें काम पुरें केलें. त्या दिवशीं डोंबिवलीच्या फलाटावर 'आमची ओरिजिनल लोकल गेली' म्हणून कोणी गळा काढलेला आम्हीं ऐकला नाहीं. ज्या देशांत चालत्या रेल्वेचे व्होल्ट सोळापटींहून अधिक वाढवितां येतात, त्या देशांत एका बुलेटचे व्होल्ट दुप्पट केल्यानें इतिहास बुडतो हें म्हणणें जरा अतीच आहे.

कायद्याचा बागुलबुवाही मधूनमधून पुढें केला जातो. केंद्र सरकारनें २०२१ सालीं ५० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले व त्यांत वाहन मूळ स्वरूपांत असावें असें म्हटलें, हें खरें. पण कोणत्या फेरफारानें तें स्वरूप जातें हेंही त्यांतच सांगितलें आहे: चासी, सांगाडा आणि इंजिन यांत केलेल्या मोठ्या बदलानें. दिवा व तारा यांचें नांव तेथें नाहीं. शिवाय त्या नोंदणीचीं वाहनें नेहमींच्या वापरासाठीं रस्त्यावर आणावयाचींच नसतात. आम्ही बोलत आहों तें रोज अगर दर रविवारीं रस्त्यावर येणाऱ्या साध्या नोंदणीच्या गाड्यांविषयीं. यझदी तर १९७३ नंतरची. तिच्यांतील बहुतेक अजून पन्नाशींतच आहेत. दुसरा आधार घेतात तो मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा आणि २०१९ च्या आरंभींच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. कारखानदारानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपत्रांतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकानें करूं नये, हें त्याचें सार. त्यास आम्ही मान देतों. आणि म्हणूनच पंथीयांस विनंति करतों कीं आपलें नोंदणीपत्र एकदां काढून पाहावें. त्यांत इंजिनाचा क्रमांक, चासीचा क्रमांक, रंग, वजन वगैरे सर्व आहे. व्होल्टांचा रकाना नाहीं. ज्यास शंका असेल त्यानें ठाण्याच्या किंवा कल्याणच्या परिवहन कार्यालयांत लेखी विचारून घ्यावें.

येथवर वाचून दुसरा एक वर्ग मनांत खूष झाला असेल. त्यास आम्ही आतां सांगतों कीं त्याच्याविषयींचें आमचें मत पहिल्याहून पुष्कळ वाईट आहे. हा वर्ग म्हणजे रस्त्याकडेच्या दुकानांतून मिळेल तो एल. ई. डी. बल्ब आणून जुन्या दिव्याच्या खोबणींत कोंबणारा. तेवढ्यानें भागत नाहीं म्हणून हँडलाखालीं आणखी दोन पांढरे डोळे, आणि ते लुकलुकावे म्हणून एक बटण. पहिला वर्ग स्वतः आंधळा राहतो. हा वर्ग दुसऱ्यास आंधळें करतो. यांतील नीतीचा फरक सांगावयास नको.

या मंडळींस दिव्याची रचनाच ठाऊक नसते. दिव्याच्या पोटांतील वाटी, म्हणजे परावर्तक, हा एका ठराविक जागीं असलेल्या ठराविक आकाराच्या तारेसाठीं घडविलेला असतो. ती तार त्या बिंदूवर असली तरच किरण रांगेनें बाहेर पडतात. खालच्या प्रकाशासाठीं कोठें दुसरी तार जराशी बाजूस असते, कोठें तिच्याखालीं आड असते, कीं वर जाणारे किरण अडावे. त्या जागीं चारी बाजूंनीं प्रकाश ओकणारा, उंचीस जास्त, रुंदीस वेगळा असा दिवा बसविला म्हणजे वाटी गोंधळते. प्रकाश रस्ता सोडून झाडांवर, दुमजली घरांच्या खिडक्यांवर आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या बुबुळांवर पडतो. गाडीवाल्यास वाटतें कीं सगळें लख्ख झालें. प्रत्यक्षांत ५० पावलांवरील खड्डा त्यास पूर्वींइतकाच दिसतो, कदाचित् कमी, कारण जवळच्या झगमगाटानें त्याची स्वतःची दृष्टिही संकोचते. समोरच्याचें काय होतें तें पाहा. ताशीं ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास ११ मीटर. तीन सेकंद डोळे दिपले तर तो माणूस ३३ मीटर अंतर न पाहतां जातो. पन्नाशी उलटलेल्यास, मोतीबिंदूची सुरुवात झालेल्यास, तीन सेकंद पुरत नाहींत. कल्याण-शीळ रस्त्यावर ३३ मीटरांत काय काय असतें हें तिकडून जाणाऱ्यास सांगावयास नको: मेट्रोच्या कामाचे पत्रे, बसची वाट पाहत पदपथ नसल्यामुळें रस्त्यांतच उभी असलेली कामावरून परतणारी बाई, आणि उलट्या बाजूनें येणारी रिक्षा. ज्याच्या दिव्यानें हें घडलें तो तोंपर्यंत दोन चौक पुढें गेलेला असतो, आणि त्यास कधींच कळत नाहीं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम १९८९ पासून याच गोष्टीस बंदी करतो. दिव्यापासून ८ मीटरांवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे अशा माणसास पुढचा दिवा दिपवूं नये, असा त्याचा अर्थ. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या स्त्रीच्या डोळ्याची उंची. नियम करणाराच्या डोळ्यांसमोर माणूस होता, हें बरें लक्षण आहे. तो नियम चौकांत कोणी लावतांना दिसत नाहीं, हें वाईट.

मग करावें काय? आमचें म्हणणें असें कीं दिवा सर्वांत शेवटीं बदलावा. बहुतेक लोक तो सर्वांत आधीं बदलतात. आधीं अर्थिंग पाहावें. जुन्या गाड्यांत विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचा सांगाडाच असतो, आणि सांगाड्यास हौसेनें तीन हात रंग दिला कीं ती वाट बंद होते. कितीतरी 'मेलेले' दिवे एका जाडशा अर्थच्या तारेनें जिवंत झाले आहेत. नंतर तारा. जुन्या तारांचें रबरी व सुती वेष्टण बोटानें दाबलें तर भुगा होतो, आणि त्या तारांचा जुडगा जातो कोठून, तर पेट्रोलच्या टाकीच्या पोटाखालून. फ्यूज असला तर एक, पुष्कळदां तोही नसतो, किंवा त्याच्या जागीं कोणा मेकॅनिकानें सिगारेटच्या पाकिटांतला चांदीचा कागद गुंडाळलेला असतो! या एका गोष्टीसाठीं तरी घरांतील वडील माणसांनीं सक्ति करावी. तिसरें, दिव्याचा प्रवाह हँडलाच्या नाजूक बटणांतून न नेतां रिलेमधून न्यावा. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची वीज भिंतीवरच्या बटणांतून जात नाहीं, स्टार्टरांतून जाते. बटण केवळ आज्ञा देतें. येथेंही तसेंच. मग रेग्युलेटर: जुन्या डायनमोची वळणें न बदलतां इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावून १२ व्होल्ट काढतां येतात, मात्र भरणा सुरू होण्यास डायनमोस अधिक फेरे घ्यावे लागतात हें ध्यानांत ठेवावें. इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें. तें न पाहतां नवें सामान जोडलें तर तें पहिल्याच क्षणीं जळतें. इतकें झाल्यावर दिवा, आणि तोही मिळकतीच्या मानानें. ६० वॅटांच्या डायनमोवर ६०/५५ वॅटांचा हॅलोजन लावणें म्हणजे पगाराएवढेंच घरभाडें पत्करणें. एल. ई. डी. चा खरा उपयोग येथें आहे, कारण थोड्या वॅटांत तो पुष्कळ प्रकाश देतो. परंतु तो त्याच्या स्वतःच्या परावर्तकासह, नेमकी कडा पाडणारा असावा. मागच्या दिव्यास तर तो निःशंक लावावा.

आणि हें सर्व करतांना जुनें कांहींच तोडूं नये. बुलेटच्या दिव्याचें तें घडीव डोकें, दोन बाजूंचे दोन लहान दिवे, मधला अँपियरमीटर, सर्व जसेंच्या तसें राहतें. बदल होतो तो आंत. जुना जुडगा, जुना रेग्युलेटर, जुना बल्ब चिठ्ठी बांधून डब्यांत ठेवावा. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें दहाबारा वर्षांपूर्वीं तूरिन येथील सनदेंत हाच विचार मांडला: कायद्यासाठीं व सुरक्षिततेसाठीं लागणारे बदल कमींत कमी असावे आणि शक्यतों पुन्हा मागें घेतां यावे. ही सनद जुन्या इमारतींविषयींच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आहे. ज्या युरोपाच्या नांवानें आमचे लोक ओरिजिनलची शपथ घेतात, त्या युरोपाचें मत हें असें आहे.

खर्चाची सबब आम्हांस मान्य नाहीं. ज्यानें मडगार्डास क्रोम चढविलें, सीटीस चामडें लावलें आणि टाकीवरील सोनेरी रेघ मारण्यास मुद्दाम कारागीर शोधला, त्याच्या तोंडीं चार तारा आणि दोन रिले यांचा खर्च शोभत नाहीं. 'आम्ही गाडी दिवसाच काढतों' असें म्हणणारांशीं आमचें भांडण नाहीं. त्यांनीं एवढेंच पाहावें कीं मुरबाडवरून माळशेजास जुलै महिन्यांत सकाळीं निघालेल्या माणसाचा दिवस घाटांतील धुक्यांत किती वाजतां मावळतो.

गुढीपाडव्यास आपल्या या तिन्ही शहरांत शोभायात्रा निघतात, आणि नऊवारी नेसून, नथ घालून बुलेट चालविणाऱ्या मुली पाहावयास गर्दी लोटते. जुन्या गाड्यांचे मेळावे भरविणाऱ्या मंडळांस आमची सूचना आहे कीं पुढच्या पाडव्यापूर्वींच्या एखाद्या संध्याकाळीं त्यांनीं शाळेच्या पटांगणांत प्रत्येक गाडी भिंतीपासून ८ मीटरांवर उभी करावी, चालविणारा तीवर बसवावा, आणि मागें रोज जें माणूस बसतें, बायको असो, आई असो, मुलगा असो, तेंही बसवावें. कारण मागें वजन पडलें कीं गाडीचें नाक वर होतें आणि दिवा आकाशाकडे पाहूं लागतो. मग भिंतीवर दिव्याच्या मध्याइतक्या उंचीची खडूची रेघ ओढून खालचा प्रकाश लावावा. ज्याचा प्रकाश रेघेच्या वर गेला त्यानें तेथल्या तेथें पान्हा घेऊन दिवा खालीं करावा, आणि ज्याचा प्रकाश भिंतीपर्यंत पोंचलाच नाहीं त्याची गाडी त्या रात्रीं टेंपोंतून घरीं पाठवावी. बक्षिसाच्या गुणांत रंगास जितके गुण असतील तितके यास द्यावे.